आठ कामगंध सापळे आणि एक वही

कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीचे पतंग वासाने ओढून पकडणाऱ्या या सापळ्यांना पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला तो सापळा काठीला धरणाऱ्या क्लिपसाठी, आणि पूर्ण एक खोक्यावर छापलेल्या "गुलाबी बोंडअळीचे संपूर्ण नियंत्रण" या ओळीसाठी.

नियंत्रण वगैरे काही होत नाही. सापळ्यात येतात ते फक्त नर. आतल्या रबरी गोळीला, म्हणजे ल्युरला, मादीचा वास लावलेला असतो. हा वास नेमक्या कोणत्या रसायनांचा ते १९७३ साली कळलं, त्याला गॉसिप्लूर म्हणतात. पण एक नर कितीतरी माद्यांना पुरतो. शंभर पकडले तरी उरलेले काम भागवतात, आणि शेजारच्या शेतातून येणारी मादी तर मिलन उरकूनच येते. चार एकरांत आठ सापळे लावून अळी संपेल असं वाटत असेल तर घेऊ नका.

मी घेतले ते वेगळ्या कारणाने. मागच्या हंगामात आम्ही चार फवारण्या केल्या, तरी शेवटच्या दोन वेचण्यांत कवडी, म्हणजे अळीने खाल्लेला डागी कापूस निघाला. कधी फवारायचं हे आमचं ठरायचं ते शेजारच्यांचा पंप सुरू झाला की. बीटी बियाणं आल्यापासून अळीसाठी कपाशीत वाकून बघायची सवयच मोडली होती. बियाण्यातच औषध आहे म्हटल्यावर कोण बघतं? हिरव्या बोंडअळीवर बीटी चाललं, खोटं कशाला बोलू. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर ते कधीच नव्हतं. गुलाबी अळीने मात्र ते पचवलं. गुजरातेत आधी एका जनुकाच्या, मग दोन जनुकांच्या बीटीवर ती जगताना सापडली. बीटी पिशवीसोबत साध्या कपाशीचं वेगळं पाकीट यायचं, कडेच्या ओळींत लावायला. त्यावर साध्या अळ्या जगाव्यात, बीटी पचवणाऱ्या अळ्यांशी त्यांचा संकर व्हावा आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडावी, यासाठी. आम्ही ते पाकीट बांधावर फेकून देत होतो. सगळेच देत होते.

तर सापळे. पेरणीनंतर पंचेचाळीस दिवसांनी लावले, एकरी दोन. वर झाकण, खाली नरसाळं, त्याला पॉलिथिनची लांब पिशवी. झाकणाखाली ल्युर अडकवायचा. तंबाखूच्या किंवा औषधाच्या हाताने त्याला शिवायचं नाही. माहितीपत्रकात हे बारीक अक्षरांत आहे, खरं तर सगळ्यात मोठ्या अक्षरांत हवं होतं. सापळा शेंड्याच्या फूटभर वर हवा. इथेच क्लिपची बोंब. ती एकाच जाडीच्या काठीला बसते, आणि कपाशी छातीला लागेपर्यंत सापळा तीनदा वर सरकवावा लागतो. दुसऱ्यांदा सरकवताना दोन क्लिपा तुटल्या. तेव्हापासून सगळे तारेने बांधलेत.

पिशवीच्या तळाशी सुईने भोकं पाडा, कंपनीने पाडलेली नाहीत. पहिल्या मोठ्या पावसात दोन पिशव्या पाण्याने भरून खाली आल्या. मुंग्याही शिरतात आणि पंख तेवढे ठेवतात. मी पंखांच्या जोड्या मोजून आकडा लिहायची. हे म्हणायचे, "पोस्टमॉर्टेम झालं का?"

दहा ल्युरांत एक भलताच निघाला. पाच नंबरच्या सापळ्यात मोठे, मळकट पिवळे पतंग पडायला लागले. गुलाबी अळीचा पतंग गव्हाच्या दाण्याएवढा, करडा, मागच्या पंखांना झालर असलेला. पाकीट उलटून पाहिलं तर हिरव्या बोंडअळीचा ल्युर. पाकिटं सगळी एकसारखीच चंदेरी, किडीचं नाव मागच्या बाजूला. चार दिवसांचे आकडे वहीतून खोडले.

आता वहीबद्दल, कारण निम्मं मोल तिचं आहे. नियम असा: सापळ्यामागे सरासरी आठ पतंग, सलग तीन रात्री, की जागं व्हायचं. पहिले दोन आठवडे शून्य, एक, शून्य, दोन. सहा नंबरच्या सापळ्यात मात्र दुसऱ्याच दिवशी सहा. त्याला लागून शेजारच्यांच्या गेल्या वर्षीच्या पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा ढीग आहे, अळ्या आणि कोष त्यातच राहतात. त्या वेळी पात्या, म्हणजे कपाशीच्या कळ्या, नुकत्याच लागत होत्या. आणखी लवकर निघालेले पतंग तर अंडी घालायला पातीच नाही म्हणून वाया जातात. हे मात्र पात्यांच्या वेळेलाच निघाले, म्हणून ढीग आधीच हलवला असता तर बरं झालं असतं. तीनदा सांगून पाहिलं.

पुढे एका रात्री सरासरी चौदा. पंप भरायला घेतलाच होता, मी म्हटलं थांबा. दुसऱ्या रात्री तीन, तिसऱ्या रात्री चार. पंप परत खोलीत. साडेतीन ताऱ्यांतले दोन त्या एका सकाळचे आहेत.

पंचाहत्तराव्या दिवसाच्या आसपास नऊ, अकरा, दहा. आकडा चढला म्हणून लगेच फवारलं नाही. डोमकळ्या शोधल्या, पाकळ्या चिकटून गुलाबासारखी झालेली फुलं, आत अळी. मग दोन्ही अर्ध्यांतून वीस-वीस हिरवी बोंडं फोडली. पूर्वेला एका बोंडात अळी, पश्चिमेला तिघांत. विसांत दोन म्हणजे दहा टक्के, तिथे रेघ. फक्त पश्चिमेचे दोन एकर फवारले. बाहेरून ते बोंड अगदी निरोगी दिसतं बरं का, अळी आत शिरली की भोक बुजून जातं. फोडल्याशिवाय कळत नाही.

पूर्ण हंगामात पश्चिमेला दोन फवारण्या झाल्या, पूर्वेला एक. शेवटच्या वेचणीत कवडी होतीच, पण गेल्या वेळेपेक्षा पुष्कळ कमी.

काहींनी विचारलं, पतंग सगळे पकडूनच संपवता येत नाहीत का. नुसत्या सापळ्यांनी नाही. अमेरिकेने २०१८ मध्ये कपाशी गुलाबी अळीमुक्त जाहीर केली, पण त्यासाठी बीटी, नर दिशाहीन व्हावेत म्हणून शेतभर तोच वास, अब्जावधींनी सोडलेले वांझ पतंग आणि वेळेत मोडलेली पऱ्हाटी असं सगळं एकत्र, वर्षानुवर्षं केलं. एकट्याच्या चार एकरांतलं ते काम नव्हे.

ल्युर तीन आठवड्यांनी बदला, वास विरतो. आणि बांधावरची भेंडीच्या कुळातली तणं काढा, अळी त्यांवरही राहते. आम्ही खुरपून काढली.

आमची पऱ्हाटी निघाली, सात सापळे धुऊन माळ्यावर गेले. सहा नंबर अजून बांधावर आहे, कारण शेजारच्यांनी फरदड ठेवलीय, म्हणजे हंगाम संपला तरी कपाशी न काढता पुढे चालू ठेवलीय. काल रात्रीचे तेरा.