गळालेल्या ६३ फळांचा हिशेब : कुकामेलनच्या वेलाचा अकरा महिन्यांचा अनुभव

कुंडी रिकामी करताना खुरप्याला काहीतरी टणक लागले नसते, तर हा अनुभव चार ओळींत आटोपला असता. वेल वाळून सुतळीसारखा झाला होता, कुंडी दुसऱ्या रोपासाठी हवी होती आणि कुकामेलन या काकडीच्या कुळातल्या वेलाला पुन्हा जागा द्यायची नाही, असे मी ठरवूनही टाकले होते. खुरपे अडले तिथली माती हाताने बाजूला केली, तेव्हा खाली फिकट रंगाचा, गाजराएवढ्या जाडीचा एक कंद आणि त्याला लागून दोन लहान कंद निघाले. ज्याला मी इतके महिने एका हंगामाचा वेल समजत होतो, तो मुळात बहुवर्षायू आहे, हे मला असे कळले. त्यामुळे माझे मत बदलले आहे. फळे गळण्याबद्दलची तक्रार मात्र जागच्या जागी आहे, आणि ती सविस्तर मांडल्याशिवाय मला राहवणार नाही.

हा वेल लावलेल्यांना किंवा लावायच्या विचारात असलेल्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. द्राक्षाएवढे, हिरव्या पट्ट्यांचे, बाहुलीच्या घरात शोभेल असे कलिंगड. चव काकडीची आणि शेवटी लिंबासारखी आंबट. एक गैरसमज मात्र जागोजागी भेटतो, की हा काकडी आणि कलिंगड यांचा संकर आहे. जोडून तयार केले आहे ते केवळ नाव, ‘क्युकंबर’ (काकडी) आणि ‘मेलन’ या शब्दांचे. मेलोथ्रिया स्काब्रा ही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली मूळची वनस्पती काकडी-कलिंगडाच्याच कुळातली असली, तरी त्या दोघांहून वेगळ्या प्रजातीची आहे, आणि नोदँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६६ मध्येच तिचे वर्णन केलेले आहे. स्पॅनिशमध्ये तिला ‘उंदराचे कलिंगड’ अशा अर्थाचे नाव आहे, ते मला बाजारातल्या नावापेक्षा अधिक चपखल वाटते.

पाकिटात दहा बिया होत्या. त्यांपैकी सात उगवल्या, त्याही अठराव्या दिवसापासून पुढे. काकडीचे बी आठवड्याच्या आत माती उचलते, या सवयीने मी बाराव्या दिवशी एक बी उकरून पाहिले आणि वाया घालवले. रोप पहिले दोन महिने इतके नाजूक असते, की एकदा मी ते तण समजून उपटता उपटता थांबलो. नंतर मात्र वेल असा धावला, की त्याचे केसासारखे तणावे आधाराची जाळी सोडून शेजारच्या कुंडीतल्या मिरचीच्या रोपाला, झारीच्या दांड्याला आणि एकदा वाळत घातलेल्या रुमालालाही गुंडाळलेले सापडले. अडीच मीटर उंचीची जाळी त्याने पाच आठवड्यांत भरून काढली. शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात, एवढे सांगून वाढीचा विषय सोडतो, कारण खरा विषय फुलांचा आहे.

काकडी, दुधी, भोपळा लावणाऱ्या प्रत्येकाच्या अंगवळणी एक क्रम पडलेला असतो : आधी नर फुले येतात, ती गळतात, नवखा माणूस घाबरतो, मग मादी फुले येतात आणि सगळे सुरळीत होते. कुकामेलनमध्ये हा क्रम बऱ्याचदा उलटा असतो. माझ्या वेलावर दहाव्या आठवड्यात पहिली फुले आली आणि त्यातल्या प्रत्येकाच्या मागे तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, पट्टेसुद्धा उमटलेले फळ होते. मी हरखून गेलो. चौथ्या दिवशी ती फळे पिवळी पडून कुंडीत पडली. पुन्हा फुले आली, पुन्हा फळे दिसली, पुन्हा पिवळी पडली. असे तीन आठवडे चालले, आणि या तीन आठवड्यांत वेलावर एकही नर फूल नव्हते. मी रोज सकाळी गळालेली फळे वेचून मोजत असे आणि आकडा वहीत लिहीत असे. एकूण ६३ झाली. खाण्याजोगी झाली असती तर ती तीनशे ग्रॅमच्या आसपास भरली असती. एवढ्याशा नुकसानीसाठी वही कशाला, असे घरच्यांनी विचारले. पण पाणी मी घातले होते, खत मी घातले होते आणि ज्याचा हिशेब ठेवला नाही ते नुकसान सोसल्यासारखेही वाटत नाही.

बी विकणाऱ्याला मी फोटोंसह कळवले. उत्तर आले, की पाणी जास्त होत असावे. मी पाणी कमी केले, पाने मरगळली, फळे गळतच राहिली. पुन्हा कळवले, तर उत्तर आले, की पोटॅश द्यावे. तिसऱ्यांदा मी सरळ विचारले, की नर फुलेच नसतील तर पोटॅश परागीकरण कसे करणार? त्यानंतर उत्तर आले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की पाकिटावर पेरणीची खोली, अंतर आणि काढणीचे दिवस छापता, तर ‘सुरुवातीला केवळ मादी फुले येऊ शकतात, ती गळतील, थांबावे’ ही एक ओळ छापायला किती शाई लागते?

इथपर्यंतचा मजकूर मी चौथ्या महिन्यात लिहून ठेवला होता. तो खोडत नाही, पण त्यात माझी स्वतःची एक चूक गाळलेली होती, ती आता जोडतो. तेराव्या आठवड्यात नर फुले आली : बारीक देठावर दोन-चार एकत्र, मागे फळ नसलेली, जेमतेम सहा मिलिमीटरची पिवळी फुले. तरीही फळे गळत राहिली. मी सर्वांत बारीक कुंचल्याने हाताने परागीकरण करून पाहिले; एवढ्या लहान फुलात कुंचला नेमका कुठे टेकतो आहे, हे कळायला भिंग घ्यावे लागले आणि बारा फुलांपैकी पाचच धरली. मग लक्षात आले, की किडींपासून संरक्षण म्हणून वेलाला जी बारीक जाळी मी पहिल्या महिन्यात गुंडाळली होती, ती अजून तशीच होती. तणावे वाढून तिच्या बाहेर गेले होते, पण बहुतेक फुले आतच अडकली होती आणि बाहेरची मधमाशी आत येणार कुठून? ही किडींसाठीची जाळी काढली, त्या आठवड्यापासून फळे टिकू लागली. म्हणजे ६३ फळांचा दोष वेलाच्या स्वभावाचा, आणि त्यानंतरच्या वीस-बावीस फळांचा माझा. ती मी वहीत वेगळ्या रकान्यात लिहिली आहेत.

त्यानंतरचे अडीच महिने मला तक्रारीला जागा मिळाली नाही, हे मान्य करावे लागेल. दर दोन-तीन दिवसांनी ओंजळभर फळे मिळत होती. एकदा मोजली तेव्हा ४० फळांचे वजन १९० ग्रॅम भरले. शेजारच्या काकडीवर भुरी पसरून तिची पाने पांढरी झाली, तेव्हा या वेलाची खरखरीत पाने स्वच्छ होती. फळे पानांच्या रंगात इतकी मिसळतात, की समोरून बघून वेल रिकामा वाटतो. आधाराच्या जाळीच्या मागे जाऊन, खाली वाकून, उजेडाकडे तोंड करून पाहिले तर ती लोंबताना दिसतात. काढणीची वेळ मात्र चुकवू नये. अडीच सेंटिमीटरपर्यंतचे, बोटांत दाबल्यावर टणक लागणारे फळ दाताखाली टचकन फुटते आणि साल जाणवत नाही. तेच आठवडाभर राहिले, की आतल्या बिया कडक होतात, आंबटपणा वाढतो आणि साल चावत बसावी लागते. मोठी झालेली फळे मी व्हिनेगरमध्ये घालून पाहिली. तिथे त्यांचा आंबटपणा खपून गेला आणि कुरकुरीतपणाही राहिला. नुसती खायला मात्र लहानच बरी. घरातल्या मुलांनी ती गोट्यांसारखी वाटून घेतली आणि भांडणेही केली, हा फायदा पाकिटावर लिहिलेला नव्हता.

पूर्ण पिकलेली फळे आपोआप खाली पडतात. ती वेचून आणखी दोन आठवडे ठेवली, मग गर पाण्यात कालवून काही दिवस आंबू दिला. तळाशी बसलेल्या बिया धुऊन सावलीत वाळवल्या. संकर नसल्यामुळे घरचे बी मूळ वेलासारखाच वेल देते, त्यामुळे त्या विक्रेत्याशी माझा पत्रव्यवहार कायमचा संपला. बी दुसऱ्याकडून घेणार असाल, तर एक खबरदारी घ्यावी : याच मेलोथ्रिया गटातला मेलोथ्रिया पेंडुला नावाचा भाऊबंद दिसायला जवळचा आहे, पण त्याची फळे पिकल्यावर काळी होतात आणि ती काळी फळे जोरदार रेचक समजली जातात.

आता कंदांकडे वळतो. गारठा वाढल्यावर वेलाने पाने टाकली आणि मी तो मेला असे समजलो. दहिवर गोठवणारी थंडी त्याला सोसत नाही, हे खरे. पण जमिनीखाली तो जिवंत असतो, आणि डेलियाचे कंद ठेवतात तसे हेही उचलून, किंचित ओलसर मातीत, गार आणि काळोख्या जागी ठेवता येतात. मी मोठा कंद आणि एक लहान कंद तसे ठेवले. तिसरा खुरप्याने कापला गेला होता, तो कुजला. ऊब आल्यावर मोठा कंद कुंडीत लावला, त्याला दहाव्या दिवशी कोंब फुटला आणि त्या कोंबाची जाडी पाहून गेल्या खेपेच्या केविलवाण्या रोपांची आठवण झाली. पहिल्या फुलापर्यंत यंदा सहाच आठवडे लागले.

क्रम याही वेळी उलटाच आहे. पहिले मादी फूल उमलल्यावर पहिल्या नर फुलाला नऊ दिवस लागले. वेलाभोवती या वेळी किडींसाठीची जाळी नाही, आणि वहीत गळालेल्या फळांचा आकडा आज सकाळपर्यंत अकरा आहे.