स्वस्तिक आणि हाकेनक्रॉइझ : फरक नेमका कुठे?

‘नाझींचं स्वस्तिक उलटं असतं’ हे सर्रास ऐकू येतं, पण ते खरं नाही. पूजेतलं स्वस्तिक आणि नाझींचं हाकेनक्रॉइझ, म्हणजे आकडेदार क्रूस, दोन्हींचे हात बहुधा उजवीकडेच वळतात. फरक मांडणीत आहे. कुंकवाचं स्वस्तिक सरळ उभं, चार घरांत चार ठिपके. नाव ‘सु’ आणि ‘अस्ति’वरून आलेलं, आकृती तर सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही सापडते. नाझींचं बहुतेकदा ४५ अंशांत कललेलं, लाल झेंड्यावर पांढऱ्या वर्तुळात काळंकुट्ट. पक्षाने ते १९२० मध्ये उचललं आणि २५ वर्षांत पार नासवलं. जर्मनीत आज ते मिरवणं गुन्हा आहे. जपानच्या नकाशावर मात्र डावीकडे वळलेलं ‘मांजी’ दिसलं, की तिथे बौद्ध मंदिर आहे असं खुशाल समजावं.