कानाच्या कूर्चेसाठी रास्प, ब्लेड की नुसते टाके?

स्वतःचं ऑपरेशन थिएटर उभं करणाऱ्या तरुण सर्जनच्या यादीत ‘रास्प (घासायची दातेरी कानस), पूर्ण सेट’ ही ओळ बहुतेक वेळा असतेच. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नाकासाठी हवा आहे की कानासाठी?

नाकाचा निकाल लगेच लागतो. नाकाच्या उंचवट्याचा वरचा भाग हाडाचा आणि खालचा कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक ऊतीचा असतो. हाडावर रास्प उत्तम चालतो. कूर्चा मात्र दातांखाली दबते, सरकते, तिचे धागे निघतात. तिथे ११ किंवा १५ नंबरचं ब्लेडच लागतं. हाड घासतानाही रास्प सरळ खालीवर न चालवता थोडा तिरका धरावा, नाहीतर नाकाच्या हाडाखाली चिकटलेली वरची कूर्चा उखडून येते. म्हणजे नाकाचा रास्प हे हाडाचं हत्यार आहे, त्याचा विचार वेगळा करा.

खरा निर्णय आहे तो कानाचा. पुढे आलेल्या कानात बहुतेकदा अँटिहेलिक्सची, म्हणजे कानाच्या बाहेरच्या कडेच्या आतल्या उंचवट्याची, घडी नीट पडलेली नसते. ती घडवायचे तीन मार्ग १९६३ या एकाच वर्षी छापून आले, आणि आपण आजही त्यांच्यातच निवड करतो.

त्याआधी १९५८ मध्ये गिब्सन आणि डेव्हिस यांनी कूर्चा वाकते का, याचं कारण मांडलं होतं. कूर्चेच्या पृष्ठभागाला आतून ताण असतो. एका बाजूचा ताण तोडला की कूर्चा दुसऱ्या बाजूकडे वाकते आणि तोडलेली बाजू फुगीर होते. अँटिहेलिक्स समोरून फुगीर दिसतो, म्हणून ओरखडे समोरच्या बाजूलाच हवेत. हे नीट कळल्याशिवाय कोणीही कानावर रास्प धरू नये.

१९६३ च्या त्या तीन मार्गांपैकी एकात स्टेनस्ट्रॉम यांनी कानामागच्या छोट्या छेदातून शिरून समोरच्या त्वचेखाली बोगदा केला आणि दातेरी हत्याराने कूर्चा खरवडली. चोंगचेत यांनी मागून कूर्चा कापून समोरची त्वचा उचलली आणि डोळ्यांसमोर ब्लेडने रेघा मारल्या. मस्टार्डे यांनी कूर्चा खरवडली किंवा कापली नाहीच; मागून मॅट्रेस टाके (जाऊन परत येणारे दुहेरी टाके) घेऊन घडी बांधून ठेवली.

रास्पचं सुख हातालाच कळतं. एका फेरीत अनेक उथळ ओरखडे शेजारी शेजारी पडतात, त्यामुळे वळण गोल आणि सलग येतं. ब्लेडच्या रेघा मोजक्या असतात. त्यातली एक जरी खोल गेली तरी तिथे कूर्चा मोडल्यासारखी वाकते आणि त्वचेतून कड दिसू लागते. कानाची कूर्चा जेमतेम मिलिमीटरभर जाड असते, तिथे चुकायला फार जागा नाही. पण रास्प तुम्ही न बघता चालवता. किती खरवडलं हे दर तीन-चार फेऱ्यांनंतर बाहेरून कान दाबून पाहावं लागतं. हात बसेपर्यंत ब्लेड आणि उघडी कूर्चा हाच सुरक्षित रस्ता, असं माझं मत आहे; वेळ जास्त जातो, पण दिसतं.

या दोन्हींची किंमत एकच आहे. समोरची त्वचा कूर्चेला घट्ट चिकटलेली असते. ती सोडवली की खाली रक्त साचायला जागा होते, म्हणून ड्रेसिंग नीट दाबून बसवणं हा ऑपरेशनचाच भाग समजावा. दुसऱ्या दिवशी एकाच कानात वाढत जाणारं दुखणं असेल, तर औषध वाढवण्याआधी पट्टी उघडून बघा. रात्रीचे दोन वाजले असले तरी बघा.

टाक्यांत हा धोका कमी आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाची कूर्चा मऊ असते आणि कान जवळजवळ मोठ्यांएवढा झालेला असतो. तिथे मी टाक्यांपासूनच सुरुवात करतो. मोठ्या माणसाची जाड, कडक कूर्चा नुसत्या टाक्यांना दाद देत नाही. ती मूळ आकाराकडे ओढत राहते, टाका कापत जातो, काही महिन्यांनी कान पुन्हा पुढे येतो किंवा मागे धाग्याचं टोक बाहेर पडतं. अशा वेळी आधी रास्पने ताण मोडायचा आणि मग सैल टाके घ्यायचे, ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते. मात्र दोष काँकाच्या, म्हणजे कानाच्या भोकाभोवतीच्या वाटीच्या, खोलीत असेल तर या तिन्हींनी भागत नाही. तिथे फर्नास यांचे १९६८ चे टाके लागतात. ते काँका कानामागच्या मॅस्टॉइड हाडाच्या आवरणाला बांधतात.

आता खरेदी. कानासाठी अरुंद, बारीक दातांचा एकच स्टीलचा रास्प पुरतो. टंगस्टन कार्बाइडचे दात हाडासाठी मोलाचे आहेत; कूर्चेवर त्यांचा वेगळा फायदा मला कधी जाणवला नाही. शिवाय ते ठिसूळ असतात, फरशीवर पडले तर तुकडा उडू शकतो. घेताना दात बोटाने न चाचपता ओल्या गॉजवर ओढून पाहा. धागा सगळीकडे सारखा अडकला पाहिजे.

आणि सिस्टरना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: रास्प वाळू द्यायचा नाही. दातांत अडकलेली कूर्चा सुकली की ऑटोक्लेव्हमधून काढलेलं हत्यारही स्वच्छ म्हणता येत नाही. केस संपताच पाण्यात, मग दातांच्या दिशेने ब्रश, मग भिंगाखाली एक नजर, आणि त्यानंतरच ते ट्रेमध्ये.