मोन, ग्रोन की वेल?

इंग्रजीत कुणाचं दुःख वाचकाच्या कानापर्यंत पोचवायचं असेल, तर मोन (moan), ग्रोन (groan) आणि वेल (wail) हे तिघं हमखास समोर येतात. शब्दकोशात तिघांपुढे विव्हळणे, कण्हणे हेच अर्थ सापडतात, आणि लिहिणारा तिथेच अडतो. निवडताना दुःख किती मोठं हे बघू नका, आवाज कसा निघतोय ते ऐका.

मोन खालच्या पट्टीतला आणि लांबलेला. दुखणाईत माणूस पडल्या पडल्या कण्हतो तो हा. वाऱ्याच्या आवाजालाही तो चालतो. पण या शब्दाला जपून हात लावावा. ब्रिटिश बोलण्यात मोन म्हणजे सरळ कुरकुर. 'शी इज मोनिंग अबाउट द वेदर' यात शोक काडीचाही नाही. अबाउट आलं की बहुधा रडगाणंच समजा. शिवाय प्रणयातला हुंकारही मोनच. त्यामुळे नुसतं 'शी मोन्ड' लिहून पुढे गेलात तर वाचक भलतंच समजेल. 'इन पेन' जोडलं की प्रश्न मिटतो.

ग्रोन जास्त खोल, बहुधा आखूड. त्यात ओझं, श्रम, वैताग असतो. पाणचट विनोद ऐकून लोक ग्रोन करतात, वजनाखाली जुनी फळीही करते. जखमी माणसाला तो शोभतो. शोकासाठी मी तरी वापरणार नाही.

वेल म्हणजे टाहो. उंच पट्टी, मोठा आवाज, लवकर न थांबणारा. मृताभोवतीचा आक्रोश, तान्ह्या बाळाचं रडणं, रुग्णवाहिकेचा सायरन, सगळं यात बसतं. जेरुसलेममधल्या ज्यूंच्या पवित्र भिंतीच्या 'वेलिंग वॉल' या नावात हाच शब्द आहे, मात्र अनेक ज्यूंना ते नाव खटकतं, ते वेस्टर्न वॉल म्हणतात. हळू आवाजात कुणी वेल करत नाही. तसं रडणं असेल तर हुंदक्यांना सॉब, बारीक, तुटक केविलवाण्या आवाजाला व्हिम्पर. आवाजापेक्षा डोळ्यांतलं पाणी महत्त्वाचं असेल तर वीप.

आणि घाईत मोन आणि मोर्न (mourn) यांची गल्लत करू नका. मोर्न म्हणजे शोक करणं, सुतक पाळणं. त्याला आवाज लागतच नाही. एखाद्या नेत्याच्या निधनावर 'द नेशन मोर्न्स' हा मथळा ठीक आहे. 'द नेशन मोन्स' छापलं, तर देश कुरकुरतोय असा अर्थ होईल.