समुद्राला लागून घर घ्यावं की पंधरा मिनिटं आत?

परदेशात नवीन गावी शिफ्ट होताय, गावाला समुद्र आहे आणि शॉर्टलिस्टमध्ये दोनच घरं उरलीत, एक अगदी पाण्यासमोर आणि दुसरं पंधरा मिनिटं चालत आत, तर आमचं ऐका कारण आम्ही दोन्ही प्रकार करून बसलोय. पहिले अकरा महिने पहिल्या रांगेत काढले, आता आतल्या गल्लीत आहोत. दोन्ही भाड्याने. विकत घ्यायचं गणित वेगळं, त्याचं शेवटी थोडं सांगते.

समोरच्या घराचं कौतुक आधी करून टाकते. सकाळी पडदा सरकवला की समोर नुसतं पाणी, ते सुख आहेच, खोटं कशाला बोलू. नवीन देशात ओळखीचं कुत्रंही नसतं तेव्हा लाटांच्या आवाजाची सोबत वाटते (पहिल्या तीन रात्री मात्र त्याच आवाजाने झोप नाही). उन्हाळ्यात जमीन लवकर तापते, पाणी उशिरा, म्हणून दुपारी समुद्रावरून गार वारा सुटतो आणि तो पहिल्या रांगेला पोटभर मिळतो, आतल्या घरापर्यंत येईतो त्यातला दम गेलेला असतो. आईला व्हिडिओ कॉल लावला की ती आधी "समुद्र दाखव" म्हणायची, माझा नंबर नंतर.

आता मीठ. हे कोणी सांगत नाही, एजंट तर नाहीच नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, लाटा फुटल्या की त्याचे बारीक थेंब वाऱ्यावर उडतात आणि काठाजवळच्या घरांवर सगळ्यात जास्त बसतात, जसजसं आत जाल तसं ते झपाट्याने कमी होतं. आणि हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की हे मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे पाऊस नसला तरी लोखंड ओलंच. माझी सायकल बाल्कनीत होती, तीन आठवडे हात लावला नाही आणि मग बघते तर चेनची कडी न् कडी नारिंगी, पेडल मारलं तर करकर आवाज आणि बोटांना गंजाची पूड. मग बाल्कनीच्या दाराची किल्ली कुलपात तुटली. मालक म्हणाले जोर लावायचा नसतो. बरं.

म्हणून समोरचं घर बघायला जाल तेव्हा समुद्राकडे पाठ करून उभे राहा आणि बिजागऱ्या, रेलिंग, एसीचं बाहेरचं युनिट बघा. स्टेनलेस स्टील आहे म्हणाले तर 304 ग्रेडचं की 316 ते विचारा, 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं, 304 वर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडत जातात. बाल्कनीच्या खालच्या बाजूला काँक्रीटला चिरा आणि त्यातून गंजाचे ओघळ दिसले तर आतली सळई गंजून फुगायला लागलीय असं समजा. काचा आणि एसीचं युनिट गोड्या पाण्याने वरचेवर धुवायला लागतात, ते कोण करणार हे करारातच लिहून घ्या.

आतल्या घरात हे सगळं खूप कमी. पण ओल नाही असं अजिबात समजू नका, उलट बुरशी आम्हाला इथेच भेटली, कपाटामागे, कारण गल्लीत ऊन नाही, वारा नाही आणि थंडीत आम्ही खिडक्या बंद करून कपडे घरातच वाळत घालायचो. आर्द्रतेचा छोटा मीटर आणा, आकडा ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, नाहीच जमलं तर डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं मशीन).

पुराच्या बाबतीत एक गैरसमज असतो की आत म्हणजे सेफ. बघायचं असतं उंचीकडे, अंतराकडे नाही. उंच कड्यावरचं समोरचं घर कोरडं राहतं आणि खाडीलगतचं आतलं घर पाण्यात जातं, असं होऊ शकतं (कड्यावर असेल तर कडा ढासळतोय का ते मात्र विचारा). अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, त्या दिवशी, जमलं तर वारं असताना, दोन्ही ठिकाणी जाऊन या. जगभरात समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ मध्ये साधारण २० सेंटीमीटर वाढलीय, त्यामुळे जुन्या लोकांचं "इथे कधीच पाणी येत नाही" हे ऐकून घ्या आणि पुराचा नकाशाही बघा. मालकाचा इन्शुरन्स सहसा इमारतीचा असतो, तुमच्या सामानाचा तुम्हालाच काढावा लागतो आणि त्यात पूर धरलाय का ते वेगळं विचारायचं.

पण खरं सांगू, आम्ही हललो ते मिठामुळे नाही, माणसांमुळे. सीझन संपला आणि आमच्या रांगेतले दिवे एकेक करून बंद झाले, सगळी सुट्टीची घरं, बसच्या फेऱ्या कमी, कोपऱ्यावरचं दुकान पण बंद आणि संध्याकाळी पाचला काळोख. सुट्टीवर आलेल्या माणसाला ती शांतता आवडेल, पण ज्याला या देशात एक मित्र नाही त्याला ती खायला उठते. आतल्या गल्लीत लोक बारा महिने राहतात. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा हे शेजारच्या आजींनी दाराशी येऊन सांगितलं, वर डॉक्टर कुठला चांगला तेही.

अजून एक, समोरची घरं काही ठिकाणी फक्त ऑफ-सीझनपुरती भाड्याने देतात आणि सीझन आला की खाली करा. मग परत घर शोधा, परत बँक, टॅक्स, व्हिसा सगळीकडे पत्ता बदला. त्यात जो वेळ जातो तो जातोच.

त्यामुळे माझं मत, पहिलं वर्ष आत, भाड्याने, एक हिवाळा पूर्ण. घरून काम करणारे असाल, दोघं असाल आणि एकटेपणा मानवत असेल तर समोर जा, मजा आहे. लहान मुलं असतील किंवा गाडी नसेल तर आतच.

आणि विकत घ्यायचं म्हणत असाल तर आधी परदेशी माणसाला तिथे घेता येतं का ते बघा. मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला राहतं घर थेट स्वतःच्या नावावर घेता येत नाही, बँकेच्या ट्रस्टमार्फत घ्यावं लागतं. स्पेनमध्ये १९८८ च्या किनारा कायद्यामुळे काठाची जमीन सार्वजनिक धरतात, त्यामुळे अगदी पाण्याजवळच्या घराची कागदपत्रं वकिलाने बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. तो वकीलही तुमचा तुम्ही शोधा, एजंटने दिलेला नको.