तारेचा व्यास राखणारी संगणकीय प्रणाली: आठ महिन्यांच्या वापरानंतर

भोसरीतील आमच्या लहानशा कारखान्यात घरगुती वायरिंगची तार तयार होते. तारेवर प्लास्टिकचा थर चढवणाऱ्या जुन्या एक्स्ट्रुडरला आठ महिन्यांपूर्वी आम्ही लेसर गेज (तारेचा व्यास मोजणारे उपकरण), पीएलसी (यंत्र चालवणारा औद्योगिक संगणक) आणि व्यास-नियंत्रणाची संगणकीय प्रणाली बसवून घेतली. पुरवठादाराचे नाव देत नाही, कारण पुढे त्याच्याविषयी एक तक्रार आहे.

खरेदीमागचा हिशेब साधा होता. १.५ चौरस मिमीच्या तारेला आयएस ६९४ या भारतीय मानकानुसार ०.७ मिमी इन्सुलेशन लागते. ते कमी पडू नये म्हणून ऑपरेटर हात सैल सोडतो आणि जाडी ०.७५ वर जाते. गाभ्याचा व्यास १.६ मिमी आणि पीव्हीसीची घनता घनसेंटीमीटरला १.४५ ग्रॅम धरली, तर एवढ्याशा फरकापायी १०० मीटरच्या कॉइलमागे सुमारे ७० ग्रॅम पीव्हीसी कंपाउंड फुकट जाते.

अडचण अशी की गेज तार थंड करणाऱ्या कुलिंग ट्रफच्या पलीकडे, थर चढतो त्या डायपासून २० मीटरवर आहे. तार मिनिटाला १५० मीटर धावत असताना तो दाखवतो तो व्यास ८ सेकंदांपूर्वीचा असतो. मोजलेली चूक पाहून दुरुस्ती करत राहणाऱ्या साध्या पीआयडी नियंत्रकाला एवढा धीर नसतो: तार जाड दिसली की तो तार ओढणाऱ्या कॅप्स्टनचा वेग वाढवतो, फरक दिसला नाही म्हणून आणखी वाढवतो आणि तार आलटून पालटून जाड-बारीक निघते. या प्रणालीत मात्र लाइनचे गणिती प्रतिरूप आहे. एक्स्ट्रुडरच्या स्क्रूकडून येणारा माल आणि तारेचा वेग यांवरून या क्षणी डायपाशी किती थर बसत असेल याचा अंदाज ते बांधते आणि गेजचे वाचन आल्यावर त्या अंदाजातली चूक तेवढी दुरुस्त करते. अभियंते ओ. जे. एम. स्मिथ यांनी १९५७ मध्ये मांडलेली ही युक्ती आमच्या लाइनवर उत्तम चालते.

तक्रार जोडणीची आहे. पुरवठादाराच्या माणसाने विलंब ८ सेकंद असा कायमचा भरून ठेवला. लाइन सुरू करताना वेग मिनिटाला ४० मीटर असतो, तेव्हा खरा विलंब ३० सेकंदांचा होतो. परिणामी सुरुवातीची तार दोन महिने भंगारात गेली. सेकंदांऐवजी २० मीटर हे अंतर भरून वेगावरून विलंब काढायला लावल्यावर प्रणाली शांत झाली. हे आम्हालाच शोधावे लागले.

आणखी एक मर्यादा खरेदीपूर्वी जाणून घ्यावी. एका बाजूला ०.५ आणि दुसऱ्या बाजूला ०.९ मिमी थर असला तरी बाहेरचा व्यास बरोबर ३ मिमीच भरतो, आणि लेसर गेज समाधानी राहतो. गाभा मध्यावर आणण्याचे काम आमचा ऑपरेटर आजही डाय बसवलेल्या क्रॉसहेडचे बोल्ट फिरवून, कापलेला तुकडा भिंगाखाली पाहत करतो.