फुलांची भाजी: भोपळा, शेवगा, हादगा की केळफूल?

फुलं खायची हौस हल्ली फोटो बघून येते. केकवर पाकळ्या, सरबताला निळा रंग, पानात एखादं नाजूक फूल. मग प्रश्न पडतो, सुरुवात कशापासून करायची? माझं मत सांगून टाकते: भाजीवालीच्या पाटीत जे फूल मिळतं, त्याच्यापासून. फुलवाल्याकडचं, हारातलं किंवा नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या कुंडीतलं फूल तोंडात घालू नका. भाजीवर कीटकनाशक फवारलं की तोडणीआधी काही दिवस जाऊ द्यायचे असतात. गुच्छाच्या गुलाबासाठी हा हिशोब कोण ठेवणार? तो कुणी खाईल असं पिकवणाऱ्याच्या मनातही नसतं. शिवाय काही औषधं झाडाच्या रसात भिनतात. मिठाच्या पाण्यात पाकळ्या कितीही बुडवा, ती निघत नाहीत.

तर मंडईतली चार फुलं घेऊ. नवख्याला सगळ्यात सोपं लाल भोपळ्याचं. कडवटपणा जवळजवळ नाही, निवडायला वेळ लागत नाही आणि मुलंही खातात. अडचण एकच, ते टिकत नाही. पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटून लोळागोळा होतं. त्यामुळे बाजारात मिळेलच असं नाही, मिळालं तर त्याच दिवशी संपवायचं. दारात वेल असेल तर मजा आहे. सकाळी जाऊन देठ बघायचे. बारीक, लांब देठावर सरळ उभं असतं ते नर फूल आणि खाली सुपारीएवढा भोपळा धरलेलं ते मादी. नर फुलंच तोडायची, आणि त्यातलीही दोन-चार मधमाश्यांसाठी ठेवायची, नाहीतर भोपळे धरणार नाहीत. फूल हलक्या हाताने उघडून आत मुंगी किंवा माशी नाही ना ते बघा, मधला केसराचा दांडा मुळाशी चिमटून काढा, देठाजवळच्या हिरव्या पात्या खुडा. पाण्यात बुचकळून कापडावर पालथी घाला. भज्यांसाठी बेसनात थोडी तांदळाची पिठी, ओवा, तिखट, हळद, मीठ. पीठ जरा पातळच ठेवा, जाड लेपाखाली फुलाची चव मरते.

यात एक धोका आहे. ज्या वेलाचं फळ कडू निघालं, त्याची फुलंही टाकून द्या. भोपळावर्गातला हा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्याचा, आणि तो शिजवूनही जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. इथे ‘कडू ते औषधी’ हा हट्ट कामाचा नाही.

शेवग्याची फुलं दुसऱ्या क्रमांकावर. झाड मोहरलं की फुलं भरपूर, बहुतेकदा फुकट. झाडाखाली पडलेला सडा गोळा करू नका, चादर अंथरून फांदी हलवा आणि ताजी तेवढी घ्या. फुलात बारीक किडे लपतात, म्हणून परातीत पसरून थोडा वेळ ठेवा, ते आपणच बाहेर पडतात. दोन-तीन मिनिटं उकळून पिळली की तुरटपणा बराच जातो. मग भरपूर कांद्यावर परतून ओलं खोबरं घाला, किंवा त्यातच दोन अंडी फोडा. मला विचाराल तर अंड्याबरोबर ही फुलं जास्त खुलतात.

हादगा कडू आवडणाऱ्यांसाठी. पांढरा मिळाला तर तो घ्या, लाल माझ्या जिभेला अधिक कडवट लागतो. फूल मोठं आणि पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं, त्यामुळे साफ करणं सोपं. हिरवा देठ काढायचा, पाकळ्या बाजूला करून आतली वाकडी केसरं ओढून टाकायची. कडूपणा मुख्यतः तिथेच असतो. लसूण, हिरवी मिरची, कांदा, वरून चण्याचं पीठ पेरून वाफ आणायची. शिजल्यावर भाजी इतकी आटते की ढीगभर फुलांतून दोघांपुरतीच उरते. घरात कारलं खाल्लं जात नसेल तर हादग्याच्या वाटेला जाऊ नका.

केळफूल सुरक्षिततेत पहिलं आणि कष्टातही पहिलंच. जांभळ्या पात्याखाली एकेक फणी निघते. प्रत्येक फुलातून दोन गोष्टी काढायच्या: टोकाला गाठ असलेला ताठ दांडा आणि बुडाशी चिकटलेली पारदर्शक पाकळी. त्या शिजत नाहीत, दातात येतात. हाताला आणि विळीला तेल लावल्याशिवाय बसूच नका, चीक लागला तर बोटं काळी पडतात. चिरलेलं केळफूल रात्रभर ताक घातलेल्या पाण्यात ठेवायचं, सकाळी पिळून काळे वाटाणे किंवा वालाच्या डाळिंब्यांबरोबर शिजवायचं. हे कामाच्या दिवशी होत नाही. पण रविवारी दोन माणसं हाताशी असतील तर चौघांत याच भाजीला खरा मान.

कोकणात आणि जंगलपट्ट्यात कुडाच्या फुलांचीही भाजी होते, पण ती ओळखणाऱ्याच्या हातूनच घ्या. कुडा आणि कण्हेर वनस्पतीशास्त्राप्रमाणे एकाच कुळातले. तगर, सदाफुली आणि कुंड्यांत हल्ली दिसणारं अ‍ॅडेनियमही त्याच घरातलं. दिसायला साधारण तसंच, म्हणजे खायलाही चालेल, हा अंदाज इथे जिवावर बेतू शकतो.

आता रंगाची फुलं. गोकर्णाला चव जवळपास नाहीच, निळा रंग आणि लिंबू पिळल्यावर होणारा जांभळा, एवढीच त्याची करामत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये गोकर्णाच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली, तर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये वाळलेल्या फुलांच्या काढ्याबद्दल हरकत नोंदवली. म्हणून कधीतरी पाहुण्यांसाठी सरबत ठीक, रोज सकाळी पेलाभर नको. बिया आणि मूळ रेचक असतात, शेंगा धरलेल्या फांद्या चहात टाकू नका. आंबट चव हवी असेल तर गोकर्णापेक्षा लाल अंबाडीची बोंडं कितीतरी सरस. बाजारात ‘हिबिस्कस टी’ म्हणून महागात विकतात ती बहुधा हीच, देवाला वाहायच्या जास्वंदीची फुलं नव्हेत. अंबाडीने रक्तदाब थोडा उतरतो, तेव्हा त्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. गरोदरपणात अंबाडी आणि जास्वंद दोन्ही बाजूला ठेवलेली बरी.

कुठलंही फूल पहिल्यांदा खाताना दोन-चार पाकळ्याच खा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. परागकणांची अ‍ॅलर्जी किंवा दमा असेल तर शेवंती-झेंडूच्या वाटेला जाऊच नका.

शोभेसाठीसुद्धा ताटात नको अशी फुलं: कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा, रुई, कळलावी. कण्हेर आणि बिट्टीचं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. मे २०२४ मध्ये केरळात कण्हेर चावल्याने एका तरुणीचा मृत्यू झाल्याचा संशय आला, तेव्हा तिथल्या देवळांचा कारभार बघणाऱ्या त्रावणकोर आणि मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्य-प्रसादातून ही फुलं काढून टाकली. आपल्याकडेही पूजेच्या तबकात प्रसादाचे पेढे आणि कण्हेर शेजारी-शेजारी असतात, ते आधी वेगळे करा.

चुकून कुणी असं काही खाल्लंच तर तोंडातलं थुंकायला लावा, चूळ भरायला द्या. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. त्रास सुरू व्हायची वाट न बघता १०८ला फोन करा आणि त्या झाडाची पानाफुलासकट फांदी पिशवीत घालून रुग्णालयात न्या. ‘पिवळं फूल होतं’ एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही.